सत्तेचाळीस ते एक्याऐंशी

जिवंतांची रांग साडेदहाला संपते.
मग मशीन आमच्या ताब्यात येतं
आणि खिमेना खोकं घेऊन येते.
खोक्यावर सफरचंदांच्या कंपनीचं नाव;
बरी खोकी द्या म्हणून तिनं वरती तीनदा अर्ज केलाय.

पुंता आरेनासमध्ये वारा असा
की हॉस्पिटलचे पत्रे रात्रभर कोणाशी तरी भांडत असतात.
मी हाडं टेबलावर मांडतो.
श्वास रोखून धरा, असं सवयीनं म्हणून जातो.
पहिल्या वर्षी खिमेना हसायची.

आज दोन आहेत.

पहिलं लहान.
दुधाच्या दातांखाली
कायमचे दात ताटकळत बसलेले.
सात वर्षं, खिमेना म्हणते, सहा महिने इकडेतिकडे.
पडद्याकडे दुसऱ्यांदा बघावंही लागलं नाही तिला.
मूल जितकं लहान तितकं उत्तर नेमकं,
असा या कामाचा नियम आहे
आणि मला तो कधी आवडला नाही.

दुसरा, मेंढ्यांच्या एस्तान्सियामागच्या झोपडीत सापडलेला.
किटली, घोंगडी, एकच बूट,
भिंतीवर २०११ च्या कॅलेंडरचा जून, न फाडलेला.
ओटीपोटाखाली दोन हाडं समोरासमोर येतात,
तिथे तरुणपणी वळ्या असतात,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा.
त्या बुजतात. मग कडा येते.
मग कडाही ढासळते.
मी ती जागा फिरवतो, वरून, खालून, आतून.
बरगड्यांची टोकं फाटक्या पत्र्यासारखी.
उजव्या खांद्यात हाड हाडावर घासून
पडद्यावर नुसतं पांढरं.
हाडं झिजवली, असं आपण सहज बोलून जातो.
इथे मिलिमीटर दिसतात.

प्रोग्राम तीन सेकंद विचार करतो:
सत्तेचाळीस ते एक्याऐंशी.

चौतीस वर्षांची फट.
माझं अख्खं लग्न तिच्यात मावलं असतं,
घटस्फोटासकट.
मला विचारशील तर अडुसष्ट, खिमेना म्हणाली,
आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

मार्चमध्ये बहीण आली, केयोनहून, बोटीनं.
ओतिलिया चिगुआय. रक्त आधीच जुळलं होतं.
जन्मसाल?
मोठ्या भूकंपाला आईच्या पोटात होता, त्या म्हणाल्या.
समुद्र अंगणात शिरला
तेव्हा आई पोट धरून टेकडीवर पळाली,
मी तिच्या झग्याला लोंबकळत.
मी बोटांवर मोजलं. पन्नास.
पुन्हा मोजलं.
खिमेनानं कागद उलटा करून ठेवला.

वरची अठरा वर्षं कुठली,
हे त्यांना कसं विचारावं ते मला कळेना.
त्यांनीच सांगितलं, म्हणजे दुसरंच काही सांगता सांगता:
अकराव्या वर्षी लोकर कातरायला गेला.
पुढे दिवसाला दीडशे मेंढ्या.
पत्र एकच आलं, तेही कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं.

त्यांना चित्र बघायचं होतं.
मी खांदा दाखवला, त्यांचं लक्ष नव्हतं.
कंबर दाखवली.
डावी करंगळी मोठी करा, त्या म्हणाल्या.
आमच्या अहवालात ती एका ओळीत उरकली होती:
जुना मोड, बालपणी सांधलेला, किंचित वाकडा.

कोंबड्यांच्या खुराड्याचं दार.
तो सहाचा, मी नऊची.
दार मी लावलं.

बराच वेळ त्या पडद्याला
स्वतःची करंगळी टेकवून बसल्या.
मी काच पुसायला फडका घेतला होता,
तो तसाच खिशात ठेवला.

जाताना त्यांनी विचारलं, क्रुसावर किती घालू?
पन्नास, खिमेना म्हणाली,
संगणकाकडे न बघता.

सात वर्षांचं उत्तर अजून सफरचंदांच्या खोक्यात आहे,
सहा महिने इकडेतिकडे.
त्याची चौकशी करायला
कोणी बोटीतून उतरलेलं नाही.