कैवार

बाहेरून देखणी आहे, नाही कोण म्हणतं.
बर्चच्या ओंडक्यांवर आडवी, अजून कोमट,
साच्याची माती कानाभोवती तशीच चिकटलेली.
भिंतीला कान असतात, ते आमच्या भट्टीवर खरोखरच.
तिथूनच बत्ती आत शिरते.

बिडाला दोष नको.
स्मोलंडच्या तळ्यातलं खनिज आहे,
भर हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून उपसलेलं.
उपसणाऱ्यांची बोटं अजून बधीर आहेत.

मी वाकड्या पायांचा कैवार घालतो,
एक पाय नळीत, एक बाहेर.
एस्किल मेणबत्ती धरतो, आकडे पाटीवर घेतो.
गोळा जेवढा जाड, तेवढी भिंत कानापाशी.
तोंडाकडे निम्मी चालते,
तिथवर येईतो दारूचा राग ओसरतो.
हे शहाणपण माझं नव्हे.
मेलेल्या गोलंदाजांनी शिकवलंय,
बोट बोट करून.

डावीकडे साडेसहा बोटं.
उजवीकडे साडेतीन.

"बेरीज दहा," एस्किल म्हणतो. "गोळा पाच बोटांचा.
म्हणजे बरोबरच की, मास्तर."

कारभारी लाग्रेलियुसही हेच म्हणाला, तपकीर ओढत :
वजन पुरेपूर भरलंय, बर्फ वितळला की जहाज सुटेल,
समुद्रावर कोण बसलंय मोजायला?

दारू बसलीय.
तिला बेरीज येत नाही.
ती फक्त पातळ बाजू शोधते,
आणि त्या बाजूला नेमका
कुणीतरी वाकून उभा असतो.

गाभा सरकला होता. दीड बोट.
कोणाच्या हातून, ते लाग्रेलियुसनं विचारलं नाही.
त्या रात्री गुनिल्ला अडली होती,
माझे हात साच्यात, कान घराकडे.
चौफुलीची एक खीळ मी
अंदाजानंच ठोकली.

मुलगी झाली. सुखरूप.
तेव्हा मला वाटलं, सगळंच सुखरूप झालं.

पुन्हा मोजलं. कैवार उलटा धरून,
मग हात बदलून, मग मेणबत्ती बदलून.
साडेतीन.
नावाचा कैवार,
पण कुणाचाच कैवार घेत नाही,
माझाही नाही.

हिला उद्या फोडायची, परत भट्टीत.
माझा दोन महिन्यांचा पगार तिच्याबरोबर.
पाटी पुसू नकोस, एस्किल.
आणि कैवाराला तेल लावून ठेव.
टोकांना गंज चढला
की तो जाडी फुगवून सांगतो.