सव्वासात

सव्वासात वाजले की सुरू.
हर्णैला भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
हिचं तसं नाही.
आधी ओठ दुमडतात, मग कपाळ लाल,
मुठी अशा आवळलेल्या, जसे आत कुणाचे पैसे आहेत.
गुडघे पोटाशी, पोट टम्म,
आणि मग तो आवाज.
खाली धक्क्यावर ऐकू जातो म्हणे,
जाळं सांधणारे मान वर करतात.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला,
डोळे मिटले की कळतं कुठलं बेअरिंग गेलंय.
पाचव्या आठवड्यात तिच्या पोटाला कान लावला.
गुडगुड. थोडी हवा.
बिघाड सापडला नाही.

भूक नाही, आत्ताच प्यायली.
ओली नाही. दुपट्यात मुंगी नाही.
ताप नाही; हर्षाली मनगट लावून बघते,
मग थर्मामीटर,
मग परत मनगट.

गडग्यावरून सल्ले येतात:
बेंबीभोवती हिंग लाव, मीठमोहरी उतरून टाक,
आईनेच फणस खाल्ला असणार.
हर्षालीने फणस सोडला. मग वाल, मग बांगडा,
शेवटी पानात भात नि मीठ उरलं.
जुईली सव्वासातलाच रडली.
कुणी मध दिला, घरच्या पोळ्याचा.
तो फडताळात अगदी वर ठेवला, तिला चाटवला नाही.

दापोलीला सिस्टर मुरुडकरांनी वजन केलं.
"आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलीय. पितेय ना नीट?
ताप आला, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं,
मलूल पडली, तर रात्री बारालासुद्धा या.
नाहीतर ही कळ आहे. तीन-चार महिन्यांत जाते."
"औषध?"
"हात आहेत ना तुम्हाला."
मी हात बघितले. नखांत ग्रीस.

सायलेन्सरने भाजल्याचा डाग आहे तो उजवा हात.
त्यावर तिला पालथी घेतली,
गाल कोपराच्या खोबणीत,
पाय दोन्हीकडे लोंबते,
आणि चुलीपासून पडवीपर्यंत फेऱ्या.
ढेकर आला की हर्षाली वर बघायची,
जसा निकाल लागलाय.
निकाल नसायचा.

एका रात्री तिसरा तास चालू होता.
हर्षाली न्हाणीघरात, नळ सोडून,
रडणं ऐकू येऊ नये म्हणून.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
आणि माझ्या बोटांत तो जोर आला
जो गंजलेल्या नटाला लावतात.

तिला गादीवर ठेवलं, उताणी.
दार ओढून पडवीत आलो.
सुकतीचा वास होता, वाळत टाकलेल्या सोड्यांचा.
दीपगृहाचे झोत मोजले. विसाव्याला आत गेलो.
ती तशीच रडत होती,
पण हात परत माझे झाले होते.

दिवा बारीक केला. आलेल्यांना घरी पाठवलं.
आणि घशातून नाही, छातीतून,
मी एक जुनं डिझेल चालू केलं,
बोट धक्क्याला बांधलेली, गिअर न टाकलेलं,
डुग डुग डुग डुग,
माझ्या फासळ्यांतून तिच्या पाठीत.
कधी वीस मिनिटांत पाय सैल व्हायचे.
कधी नाहीच.
नाहीच, त्या रात्रीही इंजिन बंद केलं नाही.

बाराव्या आठवड्यात, बुधवारी,
सव्वासात वाजले.
साडेसात.
हर्षालीने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.
जुईली झोपली नव्हती. पंख्याकडे बघत होती,
मूठ उघडी.
आत काहीच नव्हतं.

आम्ही बोललो नाही,
बोललो तर तिला आठवेल.
मी आपला पडवीपर्यंत जाऊन आलो,
उजवा हात तसाच आडवा, रिकामा,
छातीत हळू,
डुग डुग.