पाण्याची वही

एस्कीशेहिर पडलं त्या रात्री
कर्नलसाहेबांनी वाइनचं पिंप फोडलं.
आम्हा खेचरवाल्यांनाही एकेक पेला मिळाला.
मी, थेसालीचा धनगर अर्गिरिस,
मला वाइनपेक्षा तो मानच जास्त चढला.

सकाळी वही घेऊन तंबूत बोलावलं.
नकाशा पसरलेला. सांगारियोस नदीच्या अलीकडे
एक पिवळा पट्टा, चार बोटं रुंद.
"एवढंच तर आहे," कप्तान म्हणाले,
आणि करंगळीने तो ओलांडला.
करंगळीला तहान लागत नाही.

वहीत लिहिलं होतं:
खेचरामागे दिवसाला वीस लिटर,
उन्हात पंचवीस. विहिरी तीन,
त्यांतल्या दोन खाऱ्या.
कारकून स्पिलिओस हसला,
"तीन आठवड्यांत अंगोरा! तिथे पी हवं तेवढं."
सगळे हसले.
मीही हसलो. हे विसरता येत नाही,
मीही हसलो.

शत्रू पळत होता,
म्हणजे आम्ही तसं म्हणत होतो.
गावं रिकामी, चुली थंड,
विहिरीत मेलेली मेंढी,
पडलेली नव्हे, टाकलेली. पायांना दोर होता.
लांडगा मागे वळून न बघता धावतो
तेव्हा तो पळत नसतो, नेत असतो.
हे मला आठव्या वर्षापासून माहीत.
पण हुरळल्या कळपात
धनगरही मेंढीच होतो.

मिठाच्या रानात, चौथ्या दुपारी,
माझं म्हातारं खेचर मावरा
गुडघे मुडपून खाली बसलं
आणि उठलं नाही.
ओझं सोडलं. पेंढा वाऱ्यावर उडाला,
आणि पितळ उघडं पडलं:
अंगोऱ्याच्या मिरवणुकीसाठी
बँडच्या सहा तुताऱ्या, एक ढोल.
पाण्याची पिंपं मागे स्टेशनावर होती.
जागा पुरली नव्हती.

नदीवर काय झालं ते दुसऱ्यांना विचारा,
ते मोजायला माझ्याकडे वही नव्हती.
परतताना कुणीतरी
तुतारीच्या रुंद तोंडात रात्रभर दव धरलं.
सकाळी घोटभर निघालं.
पितळेची चव होती. नऊ जण प्यायलो.

नातू विचारतो, लढाईची गोष्ट सांग.
मी एस्कीशेहिरचीच सांगतो:
पिंप, पेला, गाणी.
तो टाळ्या पिटतो.
पुढचं सांगायला घेतो
तोवर त्याला झोप लागलेली असते,
किंवा मी लागू देतो.