एल्मर प्रूइट, खालून चौथा

भुसावळला तो पहिल्यांदा आला तेव्हाच म्हातारा होता.
पार्सलच्या डब्यातून, पत्र्याच्या पेटीत, आठ रिळं,
झाकणावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलात शनिवारी इंग्लिश पिक्चर.
पुढे वेताच्या खुर्च्या, गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या मडमा;
मागे बाकांवर लोको शेडचे फिटर आणि खलाशी;
वर भट्टीसारख्या केबिनमध्ये बनियनवर
सुपडू तायडे, ऑपरेटर,
आणि कार्बनच्या कांड्या पुढे करायला मी.

एल्मर प्रूइट हॉटेलचं दार उघडायचा.
एवढंच. दार उघडून टोपीला हात लावायचा.
नाव शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, खालून चौथं.
सुपडूभाऊ म्हणाले, "त्याच्या गुडघ्याकडं पाह्य.
हा मानूस घोड्यावरून लई पडेल आहे."

दोन वर्षांनी तो पन्नाशीचा होऊन आला.
शेरीफच्या मागे उभा, आणि वाट्याला एक वाक्य.
आम्हाला काय कळणार!
मध्यंतरात मिसेस पिंटोला विचारलं.
ती पंखा हलवत म्हणाली, "तो म्हणतो, वारा फिरलाय."
बाहेर वैशाख होता, यार्डातले रूळ तापून चिडलेले,
वारा नावालाही नव्हता.

मग चाळिशीचा. मग तिशीचा.
मुंबईच्या गोदामातून ज्या प्रिंटा स्वस्तात सुटायच्या
त्या यायच्या, जितक्या जुन्या तितक्या मागाहून.
जगाकडे तो म्हातारा होत गेला असेल,
आमच्याकडे त्याचे केस दाट होत गेले,
लंगडणं गेलं, एकदा तर एक दातही परत आला.

फक्त एका पिक्चरमध्ये त्याचं नाव सगळ्यात वर होतं.
पोस्टर आलं. घोडा, बाई, आणि मधोमध तो.
पेटी चुकून इटारसीला उतरली,
तिथून कुठं गेली ते रेल्वेला ठाऊक.
सुपडूभाऊंनी चौकशीचे तीन अर्ज केले,
आठवडाभर पोस्टर काढलं नाही,
त्या शनिवारी हॉल बंद ठेवून सगळ्यांचे पैसे परत दिले.

एक सांगायचं राहिलं.
फिल्म तुटायची. तुटली की कात्रीनं दोन-तीन चौकटी छाटायच्या,
सिमेंट लावायचं, फुंकर मारायची, खाली शिट्ट्या चालूच.
छाटलेल्या चौकटी मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो.
एका सेकंदाला चोवीस.
डबा बंद झाला तेव्हा माझ्याकडे त्याचे
पावणेदोन सेकंद होते.
पुढे ज्या ज्या गावाला ती रिळं गेली
तिथं तो तेवढा कमी जगला.

शेवटी आला तेव्हा तो बाविशीचा होता.
नाव नव्हतंच. अकराव्या मिनिटाला गोळी, आणि घोड्यावरून खाली.
त्याच आठवड्यात मिसेस पिंटोनं बहिणीकडून आलेलं
जुनं मासिक दाखवलं, चार ओळी, फोटो नाही.
तो जाऊन सात वर्षं झाली होती.
म्हणजे तो दार उघडत होता तेव्हा?
तेव्हा होता, ती म्हणाली. थोडा होता.
सुपडूभाऊंनी ते रीळ पुन्हा लावलं, रिकाम्या हॉलात,
तिकीट नाही, कोणी नाही, खाली फक्त झाडूवाला.
आवाज बंद ठेवला.
"मरनं सोपं नाही भाऊ," ते म्हणाले,
"याले तर दर येळी नवं मरा लागलं."

आता तिथं लग्नं लागतात.
नातू डबा उघडतो, चौकट उन्हात धरतो:
आजोबा, हा कोण? हिरो?
नाही रे.
हा पडायचा.
नीट बघ, लगाम आधी सोडलाय, अंग बाहेर फेकलंय,
खांदा आधी जमिनीला.
घोड्याला लागू नये
असा पडायचा.