टोचन

वाडीला धर्मकाट्याच्या मागे माझं टिनाचं शेड आहे.
मे महिन्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवते, स्वतः बाजूला बसते.
तापला तर तो बंद पडतो. मी पडत नाही.

धनपालभाऊ बोंद्रे आले ते इंजिन चालू ठेवूनच.
रिकव्हरीची पिवळी गाडी, मागे हूक,
दारावर ‘चोवीस तास टोचन’ आणि खाली तीन नंबर,
त्यातला एक खोडलेला.
“रंजना, चिप मार. फुल. जेवढी होते तेवढी.”
“काहून भाऊ, शर्यत लावता काय?”
“मेलेला बारा चाकी वढून नेतो मी, मालासकट.
तळेगावच्या घाटात मागून ट्रॅव्हल्सवाले असे हॉर्न मारते
जसा काही मीच मेलो.”

चिप म्हणजे काय, सांगते.
काडेपेटीएवढी डबी. दोन वायरी आत, दोन बाहेर.
इंजिनाचं डोकं विचारतं, डिझेलचा दाब किती?
डबी सांगते, कमी आहे, अजून सोड.
ते बिचारं सोडतं.
बस, एवढंच. खोटं बोलायची डबी.
रिकामी गाडी ते खोटं पचवते.
मागे तीस टन लोंबत असले की
आधी क्लच जळका वास सोडतो, मग टर्बो शिट्टी मारतो,
मग पिस्टनच्या डोक्याला भोक,
गूळ वितळावा तसं, कडा गोल.
असले तीन पिस्टन माझ्या खिडकीत आहेत.
एकात मी पेनं ठेवते.
भाऊंना म्हटलं, बघा.
त्यांनी मान वळवली नाही.
“ते लोकायचं. मले चालवता येते.”

मग मीही खोटं बोलले.
अर्धीच ताकद दिली. धुराच्या नळीत काटा खोचला,
सातशे अंशांवर गेला की दाब आपोआप उतरेल
असं फाटक बसवलं,
आणि म्हटलं, “घ्या भाऊ, फुल.”
अमरावती रोडवर एक चक्कर मारून आले,
मिशीत मावत नव्हते. “आता गाडी झाली ना!”
आठवड्यात चौघे आले.
सगळ्यांना धनपालची चिप पाहिजे होती.
सगळ्यांना दिली.

सोळा तारखेला सिमेंटचा बल्कर, एक्सल तुटलेला.
दुपारचे तीन, पारा शेहेचाळीस.
घाटाच्या मधल्या वळणावर गाडीनं मान टाकली.
तिथून वर दुसऱ्या गिअरमध्ये, चाळीस मिनिटं.
हे मला त्यांच्या शिव्यांमधून कळलं.
“धोका देला तू. घाटाच्या मधात हात सोडला.”

मी काही बोलले नाही. डबीची वायर लॅपटॉपला लावली,
त्या दुपारची रेघ काढली.
चढ, चढ, सहाशे नव्वद, सातशे,
आणि मग सपाट.
चाळीस मिनिटं सपाट, धुऱ्यासारखी.

या वेळी त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
पेनं काढून टेबलावर ठेवली,
पिस्टन उचलला, भोकात करंगळी घातली.
आरपार गेली.
कूलरचा पंप अडकला, पुन्हा सुरू झाला.

“बाजूला मोनू बसला होता,” ते म्हणाले.
“पोराले सांगून राहिलो होतो,
पाय, आता पाय बापाची गाडी कशी वढते.”

यावर माझ्याकडे रेघ नव्हती.

राहिलेले दोन हजार त्यांनी मोजून ठेवले,
वर पिस्टन, उडू नयेत म्हणून.
“डबी काढू काय, भाऊ?”
“राहू दे.”
दारात चप्पल शोधत थांबले.
“पावर कमी ठेव. मले चालते.
पण मले सांगून कमी ठेवत जा, पोरी.”

गाडी गेली. धूर पाहिला मी, सवयीनं. साफ होता.
मग बाकीच्या चौघांचे नंबर शोधले.
पहिला लागला नाही.