आवृत्ती सात

रबाळे एमआयडीसीत, पत्र्याच्या गाळ्यात,
प्रिंटर रात्रभर सिलिकॉनचं एक बोट विणत बसतो,
थरावर थर, केसाएवढे.
सकाळी मृण्मयी ते सोलून काढते
आणि म्हणते, घे, सुटका झाली.

तीन बोटांचा हा हात.
हवा भरली की वाकतो.
पोटात कागदाइतका पातळ सेन्सर,
किती दाबलं ते सेकंदाला हजारदा सांगतो.
टोमॅटो उचलतो. अंडं उचलतो.
वाशीच्या प्रदर्शनात फुगा उचलला
तेव्हा लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

सीताफळ मात्र त्याने चार वेळा फोडलं
आणि दोनदा पाडलं.
बोटांवर गर, टेबलावर काळ्याभोर बिया,
आणि संगणकाच्या पडद्यावर तेच सीताफळ
हिरवंगार, अखंड, सगळ्या कसोट्यांत पास.

पाटणकर म्हणाले, आकडा आण.
किती दाबाला फुटतं, तो एक आकडा.

म्हणून पहाटे साडेतीनला तुर्भ्याच्या फळबाजारात गेले,
पर्समध्ये दाबमापक.
सासवडची गाडी खाली होत होती.
हौसाबाई निकम पेंढ्यावर बसून
फळं तीन ढिगांत टाकत होत्या:
आजचं, उद्याचं, लांबचं.
मी घड्याळ लावलं.
एका फळाला एक सेकंदही नाही.

"कसं कळतं?"
"डोळा उघडाय लागला की कळतं."
"आणि उघडायच्या आधी?"
त्यांचा हात थांबला. तो सहसा थांबत नसावा,
कारण मागून क्रेटवाला लगेच ओरडला.
"आधी ते अंग सोडतं," त्या म्हणाल्या.
"आपण धरायचं नाही, पोरी. त्यानं आपल्याला धरायचं."

हे मी वहीत लिहिलं.
याचे न्यूटन किती, ते कळेना.

मग त्यांनी दाबमापक उलटासुलटा करून पाहिला.
"केवढ्याचं हे?"
सांगितलं.
"आन् हे आमच्या जागेवर बसनार?"
मी म्हटलं, अजून नाही.
खोटं बोलले नाही.
'अजून' हा शब्द तेवढा
ठाणे-बेलापूर रस्त्याने घरापर्यंत सोबत आला.

अंगठा बघू दिला त्यांनी.
रेशनच्या मशीनला तो चालत नाही.
तीनदा टेकवला, पुसून टेकवला,
तरी म्हणतं, ओळख पटली नाही.
रेघा कधीच झिजल्या.
उरल्या त्या भेगा,
आडव्या, तिरक्या, एक तर थेट पेरापर्यंत,
आणि त्यांत मुरलेला तीस हंगामांचा काळपटपणा.
फोटो काढू का, विचारलं.
त्यांनी आधी अंगठा पदराला पुसला,
लग्नाच्या फोटोला चेहरा पुसावा तसा.

आवृत्ती एक ते सहा गुळगुळीत होत्या.
देखण्या. कॅटलॉगात शोभणाऱ्या.
सातवीला मी भेगा पाडल्या,
अर्धा मिलिमीटर खोल,
फोटोत होत्या तिथे आणि तशाच.
मृण्मयीने विचारलं, प्रिंट बिघडली का गं?

फळावर पाणी मारलं. घसरलं नाही.
दाब निम्म्यावर आणला.
आणखी उतरवला, पडद्यावरची रेष जमिनीला टेकेपर्यंत.
सीताफळ तीन बोटांना टेकून
निवांत बसून राहिलं.
आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही.
मग मृण्मयीने ते खाल्लं.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते.
काढले: तिथे मी.
मंजूर: तिथे पाटणकर.
मधला 'तपासले' रिकामा होता.
तिथे मी हौ. नि. लिहिलं.
पाटणकरांनी चष्मा वर केला, नवीन कोण घेतलं हे?
म्हटलं, जुन्याच आहेत. रात्रपाळीला असतात.
त्यांनी सही केली.

उद्या पहाटे ते बोट घेऊन तुर्भ्याला जायचंय.
तिथे काय बोलायचं, ते ठरलेलं नाही.
डब्यात पेंढा तेवढा घातलाय.