मांडीखाली हात

नियम मीच केलेला :
मूल पडद्यासमोर असताना
आपले दोन्ही हात आपल्याच मांडीखाली.
माउसला शिवायचं नाही,
'अगं, तिथे नाही, इथे' म्हणायचं नाही,
अर्थपूर्ण खोकायचंसुद्धा नाही.

ट्रॉम्बे कोळीवाडा, मच्छीमार सोसायटीची मागची खोली.
तीन संगणक, एकाचं 'क'चं बटण निखळलेलं,
खिडकीत कुणीतरी सुकत टाकलेलं जाळं.
मी कोपऱ्यात बसतो
आणि वाट बघतो,
माझं कुठे चुकलंय
ते एखादं मूल न सांगता सांगेल म्हणून.

मागच्या खेपेला अफनान आला होता,
चीता कॅम्पातून चालत.
तिसऱ्या ओळीत त्याचं एक अक्षर हुकलं
आणि पडद्यावर लाल रंगात मी उमटलो :
अवैध आदेश. ओळ ३.
हे मी लिहिलं होतं रात्री दोन वाजता,
दमून, दुसऱ्या एका दमलेल्या माणसासाठी.
अफनान नऊ वर्षांचा.
त्याने 'अवैध' ओठांतल्या ओठांत वाचलं,
कुणी बघत नाही ना ते बघितलं,
म्हणाला, पाणी पिऊन येतो.
पिंप दाराशीच होतं.
तो अजून आलेला नाही.

मग त्या एका ओळीवर चार महिने गेले.
बायको म्हणाली, सहा शब्दांना चार महिने?
म्हटलं, आधीचे दोन एका मिनिटात सुचले होते ना.

आज मनस्वी वैती, इयत्ता पाचवी.
शेजारी माझी छापील माहितीपत्रिका होती,
ती तिने घडी करून
खुर्चीच्या लंगड्या पायाखाली सारली.
पडद्यावर एक चिंबोरी,
कोळीवाडा म्हणून मी मुद्दाम, हौसेने काढलेली.
मनस्वीने लिहिलं : पुढे ५०
आणि चिंबोरी नाकासमोर चालू लागली
शाळेच्या रांगेतल्यासारखी.

मनस्वी हसली. मग हसायची थांबली.
"चिंबोरी कवा पुरं जाते? आरवी जाते ती."
मला नाही, पडद्याला म्हणाली.
आणि लिहिलं : आरवी ५०

मांडीखाली माझी बोटं वळवळली.
आडवी. 'र' नव्हे, 'ड'.
माझ्यातला मास्तर उठला, चष्मा पुसू लागला,
त्यालाही खाली बसवला,
हातांवर.

पडद्यावर काळ्या, साध्या अक्षरांत आलं :
हा शब्द मला येत नाही. शिकवशील?

बाहेर बर्फ फोडत होते.
तिने ते दोनदा वाचलं,
मग खुर्ची पुढे ओढली,
शिकवणारी माणसं ओढतात तशी.

पहिल्यांदा चिंबोरी पडद्याबाहेर निघून गेली.
दुसऱ्यांदा जागच्या जागी गरगरली,
"पिसालली," मनस्वी म्हणाली, पण न रागावता.
मग ती उठली आणि दप्तरासकट
फरशीवर स्वतःच चिंबोरी झाली :
उजवीकडे वळली, एक पाऊल टाकलं,
डावीकडे वळली, तोंड पुन्हा समोर.
थांबली.
अजून एकदा केलं.
पळत येऊन तीन ओळी लिहिल्या.

बावीस मिनिटं लागली. माझ्या हातांना मुंग्या आलेल्या,
आणि पडद्यावर आरवी, आरवी, आरवी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत
चिखल ओळखीचा असल्यासारखी
ती चालली होती.

जाताना मला काहीच विचारलं नाही तिने.
फक्त दारातून म्हणाली,
"काका, तुम्ही नांग्या चार काढल्यात.
दोनच असतात."

रात्री घरी शब्दांची यादी उघडली.
पुढे, मागे, वळ, थांब, माझे सगळे
शुद्ध, धुतलेले, इस्त्रीचे,
आणि तळाशी आरवी,
खाली लाल नागमोडी रेघ.
रेघ काढून टाकली. शब्द ठेवला.
दोन नांग्या खोडल्या.

उद्या जरा लवकर जाईन म्हणतो.
पिंपाशेजारी एक खुर्ची ठेवायची आहे,
कुणी पाणी पिऊन परत येत असलं तर.